दरवाजे उघडतात तेव्हा त्या पाण्यावर वीज का करत नाहीत? कोयनेचा हिशोब

तुमचे प्रश्न तीन आहेत. कोयना भरली की सहाही दरवाजे उचलून हजारो क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) पाणी नदीत सोडतात आणि ते तुमच्या पलूस तालुक्यातल्या घरात शिरतं. तेच पाणी डोंगरापलीकडच्या पोफळीच्या वीजगृहाकडे वळवून त्यावर वीज का करत नाहीत? दुसरा, दोन हजार मेगावॅटच्या आसपासचा प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने का चालत नाही? आणि तिसरा, जुलैमध्येच धरण रिकामं का ठेवत नाहीत? तुमच्या घरात ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला पाणी आलं होतं, त्यामुळे प्रश्नामागचा राग मला समजतो. मी तीसेक वर्षं जलविद्युत केंद्रांवर काढली, त्यातली बरीचशी कोयनेवर, संच चालवणाऱ्यांच्या बाजूला. त्या बाजूने जेवढं दिसतं तेवढं नीट सांगतो. थोडं गणित करावं लागेल, पण चौथीतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचं नाही.

आधी नदीची रचना डोळ्यासमोर आणा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे, हेळवाकपर्यंत येते. तिथे ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरण त्या वळणाजवळ, पाटण तालुक्यात आहे. जलाशयाच्या पश्चिमेला डोंगराची एक भिंत आणि त्या भिंतीपलीकडे एकदम कोकण. धरणाच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि डोंगर ओलांडला की काही किलोमीटरमध्ये जमीन शे-दीडशे मीटरवर येते. साऱ्या प्रकल्पाचं मर्म या उतारात आहे. डोंगरातून बोगदा काढायचा, पाणी पश्चिमेला न्यायचं आणि तिथून खाली सोडायचं. पोफळीला डोंगराच्या पोटात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचं वीजगृह आहे, ६०० मेगावॅटचं. चौथ्या टप्प्याचं १,००० मेगावॅटचं वीजगृहही जमिनीखालीच आहे. या तिन्ही टप्प्यांतून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या छोट्या धरणात अडवतात आणि तिथून अलोऱ्याला तिसऱ्या टप्प्यात पुन्हा एकदा वापरतात, ३२० मेगावॅटसाठी. मग ते वाशिष्ठीत जातं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत आणि समुद्रात.

पूर्वेला, म्हणजे तुमच्याकडे, धरणाच्या पायथ्याशी एक लहान वीजगृह आहे. दोन संच, दोन्ही मिळून चाळीस मेगावॅटच्या आत. बातम्यांत ‘पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग’ असं वाचता ते हेच. एका संचाला साधारण १,०५० क्युसेक लागतं.

आता वजन आणि उंची. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साधारण २.८ कोटी घनमीटर. तेवढं पाणी पोफळीला ४७५ मीटरहून अधिक उंचीवरून पडलं की यंत्रांतली घट वजा जाता सव्वातीन कोटी युनिट वीज मिळते. तेच पाणी अलोऱ्याला आणखी ११० मीटर पडलं की वर पाऊण कोटी युनिट. म्हणजे पश्चिमेला गेलेला एक टीएमसी म्हणजे चार कोटी युनिट धरा. तोच टीएमसी पायथ्याच्या वीजगृहातून पूर्वेला सोडला तर पडायला उंची मिळते सत्तर-पंच्याहत्तर मीटर, आणि वीज होते पन्नास लाख युनिटच्या आसपास. पाणी तेच, वीज आठपट कमी. आणि पूर्वेला सोडलेलं हे पाणी पुढे टेंभू, ताकारीसारख्या उपसा योजनांतून माथ्यावरच्या दुष्काळी शेतात चढवायचं म्हटलं की उलट वीज खर्च होते.

म्हणून सगळं पश्चिमेला द्या, असं मी म्हणत नाही. आटपाडीतल्या डाळिंबाचं मोल युनिटमध्ये मोजता येत नाही, आणि कृष्णाकाठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचं तर नाहीच. पण धरणावर बसलेल्या माणसाला रोज हीच तुलना डोक्यात ठेवावी लागते, म्हणून ती तुमच्यासमोर आधी मांडली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. समजा, जोरदार पाऊस आहे आणि जलाशयात एक लाख क्युसेकची आवक आहे. कोयनेच्या पाणलोटात, नवजा-महाबळेश्वरच्या पट्ट्यात, ही काही नवलाची गोष्ट नाही. ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तर एक लाख क्युसेक म्हणजे दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त. आता सगळे संच एकदम चालू करू. पहिला आणि दुसरा टप्पा पूर्ण क्षमतेने चालला तर पाच हजार क्युसेकच्या आसपास पाणी घेतो. चौथा टप्पा साडेआठ हजारांपर्यंत. दोन्ही मिळून साडेतेरा-चौदा हजार. पायथ्याचे २,१०० धरले तर सोळा हजार. म्हणजे दिवसाला सुमारे १.४ टीएमसी. येतंय साडेआठ, यंत्रं गिळू शकतात दीडच्या आत. उरलेले सात टीएमसी एकतर जलाशयात साठतील, नाहीतर सांडव्यावरून, म्हणजे दरवाज्यांतून, नदीत जातील. तिसरी वाट नाही.

यावर कोणी म्हणेल की मग आणखी बोगदे काढा, आणखी संच बसवा. काढता येतील, पण ते बोगदे आणि संच वर्षातले दहा-पंधरा दिवस उपयोगी पडतील आणि उरलेलं वर्ष रिकामे राहतील. त्याहून मोठी अडचण आहे ती कागदावरची. कृष्णा ही तीन राज्यांची नदी. १९७० च्या दशकात बच्छावत लवादाने कोयनेचं किती पाणी कृष्णेच्या खोऱ्याबाहेर, पश्चिमेला वळवता येईल यावर मर्यादा घातली: वर्षाला ६७.५ टीएमसी. हे वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. पुरात वळवलेलं पाणीही याच खात्यात पडतं. समजा जून-जुलैपासून सगळे संच दिवसरात्र चालवले, तर दिवसाला १.२ टीएमसीच्या हिशोबाने ५६-५७ दिवसांत वर्षाचा कोटा संपला. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात, मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी, मुंबईपासून विदर्भापर्यंत मागणी चढलेली असताना कोयना गप्प बसणार.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आलं. ६७.५ टीएमसी गुणिले चार कोटी म्हणजे २७० कोटी युनिट. पश्चिमेकडची क्षमता १,९२० मेगावॅट. भागाकार केला तर पूर्ण क्षमतेचे तास येतात १,४०० च्या आसपास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सरासरी दिवसाला चार तासही नाहीत. प्रकल्पाची रचनाच तशी आहे. चौथा टप्पा उभारला तेव्हा वर्षाची वीज फारशी वाढणार नव्हती, कारण पाणी वाढणार नव्हतं. वाढणार होती ती एका तासात देता येणारी वीज. तेच पाणी कमी तासांत, जोरात, हवं तेव्हा वापरता यावं म्हणून ते १,००० मेगावॅट.

‘हवं तेव्हा’ याचा अर्थ नियंत्रण कक्षात बसल्याशिवाय पुरता कळत नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. घराघरात दिवे लागतात, मागणी चढते. अलीकडे सौर वीज वाढल्यापासून हा चढ आणखी तीव्र झाला आहे, कारण मागणी वाढायला आणि सूर्य मावळायला एकच गाठ पडते. राज्यातली विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून फोन येतो, ‘अमुक नंबरचा संच घ्या.’ कोळशाच्या थंड पडलेल्या संचाला बाष्पक तापवून, टर्बाइन हळूहळू गरम करून विजेच्या जाळ्याला जोडायला कित्येक तास लागतात. आमचा संच काही मिनिटांत उभ्या स्थितीतून फिरायला लागतो, जाळ्याच्या वारंवारतेशी जुळतो आणि लोड घेतो. वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरत असताना तिला सावरायला असा आधार हाताशी असणं, याची किंमत युनिटच्या दरात दिसत नाही. आणि जाळं पूर्ण कोलमडलंच, तर बाहेरून वीज न घेता स्वतःच्या बळावर सुरू होऊन इतरांना उठवू शकतात ती बहुतेक जलविद्युत केंद्रंच.

संच चालू-बंद करणं बाहेरून सोपं दिसतं, पण त्यामागे काय चाललेलं असतं ते सांगायला हवं. पहिल्या दोन टप्प्यांचा मुख्य बोगदा पावणेचार किलोमीटर लांबीचा आहे. तो भरून पाणी वाहत असताना त्या बोगद्यात लाखभर टन वजन धावत असतं. टोकाला झडप एकदम बंद केली तर ते वजन जाईल कुठे? घरातला नळ झटक्यात बंद केल्यावर पाइप धडकतो, तोच प्रकार डोंगराच्या मापाने होईल. म्हणून बोगदा संपतो आणि तिरपे दाबनळ सुरू होतात तिथे एक उंच विहीर ठेवलेली असते, तिला आम्ही उल्लोळ विहीर म्हणतो. संच बंद झाले की बोगद्यातलं पाणी त्या विहिरीत वर चढतं, थकतं, खाली येतं, पुन्हा चढतं, आणि बऱ्याच वेळाने शांत होतं. विहीर शांत व्हायच्या आत पुन्हा मोठा भार घेतला तर लाटेवर लाट बसते. त्यामुळे किती संच, किती अंतराने घ्यायचे, याचे नियम असतात आणि ते पाळावेच लागतात.

पोफळीची चाकं पेल्टन जातीची आहेत. म्हणजे पाण्याचा जाड फवारा चाकाच्या वाट्यांवर आदळतो आणि चाक फिरतं. एका रात्री बाहेरच्या लाइनवर दोष आला आणि चालू संचांवरचा सगळा भार क्षणात निघून गेला. भार गेला की चाक पळायला लागतं. फवारा तोच, अडवणारं मात्र कोणी नाही. अशा वेळी फवाऱ्यासमोर एक पोलादी पातं आडवं येतं आणि पाणी चाकावरून बाजूला उडवून देतं. फवाऱ्याच्या तोंडातली सुई मात्र सावकाश बंद होते, म्हणजे वरच्या बोगद्याला धक्का बसू नये. हे सगळं आपोआप होतं. आपण फक्त ऐकतो. गुहेतला रोजचा आवाज एकदम बदलतो, पाणी भिंतीवर आपटल्याचा ढणढणाट होतो, आणि मग हळूहळू सगळं उतरत जातं. त्या रात्री माझ्याबरोबर एक नवा मुलगा ड्यूटीवर होता. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की सगळं थांबल्यावरही सोडायचं त्याला सुचलं नाही. मला तेव्हा त्याच्यापेक्षा कमी भीती वाटली नव्हती. मी फक्त आधी एकदा ते ऐकलेलं होतं.

आता तिसरा प्रश्न, जो तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. जुलैमध्येच धरण रिकामं का ठेवत नाहीत?

लोकांना वाटतं की दरवाजे म्हणजे धरणाच्या तळाची झाकणं आहेत. उघडली की धरण रिकामं होतं. तसं नाही. कोयनेचे सहा वक्र दरवाजे धरणाच्या माथ्याशी, सांडव्यावर आहेत. सांडव्याची पातळी २,१३३ फूट ६ इंच आहे आणि धरण पूर्ण भरतं तेव्हाची पातळी २,१६३ फूट ६ इंच. म्हणजे दरवाज्यांच्या हातात वरचे ३० फूटच आहेत. पाणी सांडव्याला टेकतं तेव्हा धरणात सुमारे ७३ टीएमसी साठा असतो. पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यामुळे ७३ टीएमसीच्या खाली असताना धरणातून पाणी काढायच्या मुख्य वाटा दोनच: पायथ्याचे २,१०० क्युसेक आणि पश्चिमेचे बोगदे. दोन्ही मिळून दिवसाला दीड टीएमसीच्या आत, हे आपण वर पाहिलं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात धरण झपाट्याने भरताना दिसतं आणि तुम्ही म्हणता ‘आत्ताच सोडा ना’, तेव्हा बऱ्याचदा सोडायला दरवाजाच उपलब्ध नसतो. पाणी अजून त्याच्या उंबऱ्याला पोचलेलं नसतं.

उंबऱ्याच्या वरचे जे ३२ टीएमसी, तेवढीच जागा पुराला सामावून घ्यायला म्हणून वापरता येते. वर धरलेली एक लाख क्युसेकची आवक तशीच राहिली आणि काहीच सोडलं नाही, तर ही जागा चार दिवसांच्या आत भरते. आणि ही जागा रिकामी ठेवायची म्हणजे जुलैअखेर धरण सत्तर टक्क्यांवर थांबवायचं. पाऊस पुढे आला तर उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबर कोरडा गेला तर? अशी वर्षं येतात. तेव्हा पश्चिमेचा कोटा कापून पूर्वेला द्यावा लागतो, वीजही कमी आणि उन्हाळ्यात कृष्णाकाठही तहानलेला. म्हणून प्रत्येक पंधरवड्याला धरण कुठल्या पातळीपर्यंत भरू द्यायचं, याचं एक वेळापत्रक असतं, परिचालन सूची म्हणतात तिला. जुन्या पावसाच्या नोंदींवरून ती बनवतात. माझं प्रामाणिक मत असं की पाऊस पूर्वीसारखा पसरून पडत नाही, चार-पाच दिवसांत कोसळतो, आणि या सूच्या त्या मानाने अधिक सावध असायला हव्यात. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात थोडी जास्त जागा मोकळी ठेवावी, आणि त्यातून एखाद्या वर्षी धरण थोडं कमी भरलं तर ते सोसावं. वीजवाल्याने असं म्हणणं आमच्यातल्या काहींना रुचत नाही. पण मी सांगलीच्या गल्ल्यांतून होड्या गेलेल्या पाहिल्या आहेत.

हेही खरं की तुमच्या घरात आलेलं सगळं पाणी कोयनेचं नव्हतं. कराडच्या वर कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी अशी धरणं आहेत, दक्षिणेला वारणा. शिवाय धरणांच्या खाली, जिथे कुठलंच धरण नाही अशा मुलखात पडलेला पाऊस थेट नदीत येतो आणि त्याला अडवणारं काहीच नसतं. अशा वेळी कोयनेचे दरवाजे काही तास बंद ठेवून खालचा पूर ओसरू देता आला तर धरणाचा तुम्हाला खरा उपयोग होतो. पण ते करायला वर जागा शिल्लक लागते. गाडं पुन्हा त्याच ३० फुटांवर येऊन थांबतं.

दरवाजे उघडले की ‘धरणाला धोका आहे म्हणून उघडले’ अशी अफवा दरवर्षी फिरते. तिच्याबद्दल दोन शब्द. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६ हून अधिक रिश्टरचा भूकंप झाला, शेकडो संसार उद्ध्वस्त झाले आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. धरणालाही भेगा पडल्या, त्याही जिथे भिंतीचा मागचा उतार बदलतो त्या उंचीवर. वरचं डोकं हललं की मान ताणली जाते तसं. त्यानंतर भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम आधार दिले, आणि पुढे या शतकात सांडव्याचा भागही बळकट केला. जलाशय भरण्या-उतरण्याचा त्या भागातल्या छोट्या-मोठ्या धक्क्यांशी संबंध आहे हे भूशास्त्रज्ञांनी मान्य केलेलं आहे, आणि त्याचा अभ्यास करायला पाटण तालुक्यातच गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलेलं आहे. भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण दरवाजे उचलणं हे पावसाळ्यातलं रोजचं काम आहे. त्याचा धरणाच्या प्रकृतीशी काही संबंध जोडू नका. दरवाजे कधी आणि किती उचलायचे हे जलसंपदा विभागाचे लोक ठरवतात, संच महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचे लोक चालवतात, आणि कुठल्या तासाला किती वीज हवी ते भार प्रेषण केंद्र सांगतं. तीन वेगळी टेबलं आहेत. पुराच्या दिवसांत ती एकमेकांशी जितक्या वेळा बोलतील तितकं बरं.

तुम्ही ‘पाणी वाया जातं’ असा शब्द वापरलात. सांडव्यावरून गेलेलं पाणी कृष्णेतून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला जातं, तिथेही त्यावर शेती होते आणि वीज होते. हद्द ओलांडली म्हणून ते वाया गेलं असं मी मानत नाही. मला खंत वाटते ती दुसऱ्या बाजूची. पोफळी आणि अलोऱ्याला वीज देऊन झालेलं पाणी, त्याला अवजल म्हणतात, वर्षाला ६७ टीएमसीपर्यंत असतं. गोडं, स्वच्छ पाणी. त्यातलं थोडं वाटेतले उद्योग आणि गावं उचलतात. बाकीचं बहुतांश समुद्रात जातं, आणि उन्हाळ्यात त्याच कोकणातल्या वाड्यांवर टँकर फिरतात. ते अडवून कोकणात फिरवावं, मुंबईकडे न्यावं, असे विचार कित्येक वर्षं चालू आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हाही चालू होते. यावर पोटतिडकीने बोलणाऱ्यांची संख्या दरवाजांवर बोलणाऱ्यांच्या निम्मी जरी झाली तरी काही हलेल.

आणि ज्या गावांवर आज हे पाणी उभं आहे तिथली माणसं. त्यांच्यातली कितीतरी घरं तीन पिढ्या झाल्या तरी जमिनीच्या कागदासाठी फेऱ्या मारत आहेत. कोयनेच्या युनिटची किंमत काढताना हे कुठल्या रकान्यात येत नाही. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की जुन्या देवळांची जोती वर येतात, आणि म्हातारी माणसं लांबून येऊन तिथे नारळ ठेवून जातात. मी ते पाहिलं आहे.

पाणी इतकं खाली गेल्यावरही वीज करता यावी म्हणूनच चौथ्या टप्प्याला दुसऱ्यांदा ‘लेक टॅपिंग’ करावं लागलं. त्याबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही ओझरता उल्लेख केला होता. भरलेल्या जलाशयाला खालून बोगदा जोडायचा असेल तर जलाशय रिकामा करता येत नाही. म्हणून खालून बोगदा खणत तळ्याच्या तळापर्यंत आणतात, शेवटी खडकाचं एक जाड बूच ठेवतात आणि ते सुरुंगाने उडवतात. फुटलेला खडक खाली आधीच खोदून ठेवलेल्या खड्ड्यात पडतो आणि पाणी बोगद्यात शिरतं. १३ मार्च १९९९ ला कोयनेत हे आशिया खंडात पहिल्यांदा झालं, आणि २५ एप्रिल २०१२ ला आणखी खालच्या पातळीवर पुन्हा. धरण रिकामं न करता त्याला नवं तोंड पाडणं, हे आपल्या माणसांनी केलं याचा मला आजही अभिमान आहे.

आता तुमच्या कामाचं. पावसाळ्यात रोज सकाळी धरणाची आकडेवारी येते. ‘किती दरवाजे उघडले’ हे शेवटी वाचा. आधी पातळी बघा. २,१३३ फूट ६ इंचांच्या खाली असेल तर कोयनेच्या दरवाजांतून काही येणार नाही, फक्त पायथ्याचे २,१०० असतील. त्याच्या वर गेली की २,१६३ फूट ६ इंचांना किती फूट उरलेत ते मोजा. मग कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तिन्ही ठिकाणचा चोवीस तासांचा पाऊस बघा. तिन्हीकडे दोनशे मिलिमीटरच्या वर असेल तर आवक चढणार. आवकेच्या क्युसेकला ११,५७४ ने भागा, दिवसाला किती टीएमसी येतंय ते कळेल. पूर्ण क्षमतेतून आजचा साठा वजा करून उरलेल्या जागेला त्याने भागलं की किती दिवस हाताशी आहेत ते निघेल. सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला जवळपास एक दिवस जातो, तुमच्याकडे त्याहून थोडं कमी. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट तुम्हाला पाठ असेलच. पण हाताशी दोनच दिवस उरलेत आणि पूल ३०-३५ फुटांवर चढत चालला आहे असं दिसलं, तर विसर्गाच्या बातमीची वाट बघू नका. जनावरं आणि धान्य आधी हलवा, म्हाताऱ्या माणसांना उजेड असतानाच पाहुण्यांकडे पोचवा.